घरगुती सर्व्हरमधील हार्ड डिस्क : शीतन व स्पिनडाउन

घरात चोवीस तास चालणाऱ्या साठवण-संगणकातील हार्ड डिस्कचे तापमान मर्यादेत राखणे आणि काम नसताना तिची मोटर थांबवून ठेवणे, या दोन परस्परांत गुंतलेल्या पद्धती. दुसरीला स्पिनडाउन, बोलण्यात ‘डिस्क झोपवणे’, म्हणतात. येथे सोलापूरच्या कोरड्या, कडक उन्हाळ्यातील वापर डोळ्यांसमोर ठेवला आहे. एसएसडीचा (फिरते भाग नसलेल्या साठवणीचा) विचार केलेला नाही.

उगम : रिकाम्या वेळी मोटर थांबवण्याची कल्पना बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपमधून आली, असे मानणे सयुक्तिक ठरते. टेबलावरच्या संगणकांत ती रुजण्यास अमेरिकेच्या ‘एनर्जी स्टार’ या वीजबचत योजनेचा (१९९२) हातभार लागला असावा. १९९४ च्या यूझनिक्स या संगणक-संघटनेच्या हिवाळी परिषदेत या विषयावर दोन शोधनिबंध आले. त्यांपैकी केस्टर ली व सहकाऱ्यांच्या निबंधात अवघ्या दोन सेकंदांच्या निष्क्रियतेनंतर डिस्क थांबवणे फायद्याचे ठरवले होते. तो हिशेब त्या काळच्या छोट्या डिस्कचा व बॅटरीचा होता. साडेतीन इंची डिस्कला तो लावू नये. घरगुती सर्व्हरला जवळची वाटते ती कोलारेली व ग्रुनवाल्ड यांनी २००२ मध्ये मांडलेली ‘मेड’ (निष्क्रिय डिस्कचा संच) रचना. तिच्यात क्वचित लागणाऱ्या माहितीच्या डिस्क बहुतेक काळ थांबलेल्या असतात.

तापमान व आयुर्मान : याबाबत मतैक्य नाही. गूगलच्या पिन्हेइरो, वेबर व बारोसो यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमान व बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा क्षीण दिसला. थंड डिस्कच काहीशा जास्त बिघडल्या, आणि उष्णतेचा परिणाम मुख्यतः तीन वर्षांहून जुन्या डिस्कमध्ये आढळला. मायक्रोसॉफ्टच्या शंकर व सहकाऱ्यांना मात्र सरासरी तापमान व बिघाड यांत ठळक संबंध आढळला, पण तापमानाच्या चढउताराचा संबंध आढळला नाही. टोरांटो विद्यापीठातील एल-सय्यद, श्रोडर आदींचा २०१२ चा निष्कर्ष जवळजवळ उलट आहे : वाचनदोषांच्या बाबतीत सरासरीपेक्षा चढउतार अधिक बोलका. हे तिन्ही अभ्यास शीतनाची चोख व्यवस्था असलेल्या डेटा सेंटरमधले आहेत. तिथला ‘उष्ण’ गट सोलापुरात स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी सहज ओलांडला जातो. म्हणून ‘उष्णतेने काही होत नाही’ हे त्यांतून काढलेले अनुमान येथे जपूनच घ्यावे. उत्पादकांची कमाल मर्यादा बहुधा ६० ते ६५ अंश सेल्सिअस असते. व्यवहारात ४५ अंशांपर्यंत निर्धास्त राहावे, ५० ला कारण शोधावे, ५५ ला काम थांबवावे.

हवेचा झोत : डिस्कभोवती हवा खेळती असेल तर तिचे तापमान खोलीपेक्षा साधारण ८ ते १० अंश वर राहते, कोंडलेल्या जागी १५ ते २०. चार डिस्कच्या पिंजऱ्यासमोर हवा आत ओढणारा १२० मिमी.चा एक पंखा मिनिटाला ८०० ते १,००० फेऱ्यांवर पुरतो. मात्र दोन डिस्कच्या मध्ये बोटभर फट हवी आणि पंख्याची हवा पिंजऱ्याच्या बाजूने निसटता कामा नये. उघड्या फटी पुठ्ठ्याने बंद केल्या तरी दोन-तीन अंशांचा फरक पडतो. नेहमीची चूक वेगळीच असते. मदरबोर्ड पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरवतो. रेडच्या (अनेक डिस्क जोडून केलेल्या एकत्रित साठ्याच्या) तपासणीत प्रोसेसर निवांत, डिस्क मात्र तापलेल्या, आणि पंखा मंद. लिनक्स या कार्यप्रणालीत आवृत्ती ५.६ पासून उपलब्ध असलेल्या ‘ड्राइव्हटेम्प’ मॉड्यूलमधून डिस्कचे तापमान घेऊन पंखा त्यावर चालवावा.

सर्व्हर माळ्यावर ठेवू नये. खोलीतली गरम हवा तिथेच साचते. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी, पंख्याच्या जाळीवर सुताच्या तंतूंचा पांढुरका थर चढतो. बोटाने ओढला तर तो नमद्यासारखा अखंड सुटून येतो. जाळी पंधरा दिवसांनी झटकावी. डिस्कच्या श्वासछिद्रावर स्टिकर चिकटवू नये. कूलरने खोलीचे तापमान उतरते, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या पाण्यातले क्षार तुषारांबरोबर आत जातात.

स्पिनडाउन : डिस्कच्या सेटिंग बदलणाऱ्या ‘एचडीपार्म’ या लिनक्स आज्ञेतील कॅपिटल ‘एस’ पर्यायाला दिलेला आकडा सरळ मिनिटे नसतो. १ ते २४० हे पाच सेकंदांचे पट (१२० म्हणजे १० मिनिटे), २४१ पासून २५१ पर्यंत अर्ध्या तासाचे. म्हणून २४१ म्हणजे अर्धा तास, २४२ म्हणजे एक तास. घरी २४२ बरा. वीज गेली की ही नोंद डिस्कमधून पुसली जाऊ शकते, त्यामुळे ती एचडीपार्मच्या कॉन्फिग फाइलमध्येच लिहावी. काही डिस्क हा आकडा जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी ‘एचडी-आयडल’ हा डिस्क झोपवणारा प्रोग्रॅम वापरतात. यूएसबी पेटीतून आज्ञा पोहोचेलच असे नाही.

डिस्क दर अर्ध्या तासाला उठत असेल तर वर्षाला १७,५२० आरंभ होतात, आणि ५०,००० आरंभांची हमी असलेल्या डिस्कची ती हमी तीन वर्षांच्या आत संपते. हेड (वाचन-लेखनाचे टोक) रॅम्पवर, म्हणजे विसाव्याच्या उतारावर, चढण्या-उतरण्याची गणना वेगळी, ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदींत १९३ क्रमांकाची. वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ डिस्क आठ सेकंदांत हेड मागे घेत. दर ३० सेकंदांनी एखादे लेखन झाले तर दिवसाला २,८८० फेऱ्या, म्हणजे अशा तीन लाख फेऱ्यांची मर्यादा सुमारे १०४ दिवसांत संपते.

झोपमोड करणारी कारणे ठरलेली असतात : लॉग फाइली, मीडिया सर्व्हरचे सूचीकरण, टॉरेंट, आणि गमतीचा भाग म्हणजे डिस्कचे तापमान पाहणारी स्क्रिप्ट. स्मार्ट नोंदी वाचणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ आज्ञेला ‘एन स्टँडबाय’ हा पर्याय दिला नाही तर ते झोपलेल्या डिस्कला उठवू शकते. कार्यप्रणाली व लॉग एसएसडीवर हलवावेत, डिस्क माउंट करताना (प्रणालीला जोडताना) ‘नोएटाइम’ लावावे, म्हणजे फाइल नुसती वाचली तरी वेळेची नोंद लिहिली जात नाही. चार डिस्क रोज १८ तास झोपल्या तर महिन्याला सुमारे ९ युनिट वाचतात. एवढ्यासाठी दिवसातून दहा-वीसदा डिस्क उठवणे परवडत नाही.

ऋतूनुसार कामे : डेबियन या लिनक्स-प्रकारातील एमडी-रेडची (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडची) तपासणी क्रॉनवर, म्हणजे वेळापत्रकाने कामे चालवणाऱ्या सेवेवर, असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री ००:५७ ला सुरू होते. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी सरासरीने वाचायला सुमारे १५ तास लागतात. म्हणजे मे महिन्यात ती नेमकी दुपारी चारपर्यंत, भर उन्हात चालते. झेडएफएस या फाइल-व्यवस्थेची अशीच तपासणी, म्हणजे स्क्रब, मध्येच थांबवून पुन्हा चालू करता येते. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून पहाटे तीन ते आठ ही वेळ उत्तम.

इन्व्हर्टर : सुरू होताना साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत प्रवाह घेते. सहा डिस्क एकदम उठल्या तर क्षणभर सुमारे १४४ वॅट. छोटा इन्व्हर्टर किंवा यूपीएस तेवढ्या भाराने बंद पडू शकतो. एचबीए कार्डाच्या (अनेक डिस्क जोडण्याच्या कार्डाच्या) बायॉसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क टप्प्याटप्प्याने सुरू करण्याची सोय असते, ती चालू करावी.