गिटारबदल आणि वादकाचा टोन

गिटार बदलली की वादकाचा टोन बदलतो, पण सगळा नाही. तार ओढण्याची ढब, बोटाचा कंप, स्वर कधी सोडायचा याचे भान हे हाताबरोबर जाते. आघाताची धार, मधल्या स्वरांचा भरीवपणा आणि स्वर किती वेळ टिकतो हे बरेचसे वाद्य ठरवते.

इंग्लिश रॉक-ब्लूज गिटारवादक एरिक क्लॅप्टन हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. १९६६ मध्ये त्यांच्याकडे गिब्सन लेस पॉल गिटार आणि मार्शल अँप्लिफायर होता. क्रीम बँडमध्ये गिब्सन एसजी आली. टोनचा नॉब खाली आणून ते काढत तो जाड, गोल स्वर 'वुमन टोन' म्हणून ओळखला जातो. १९७० मध्ये ते फेंडर स्ट्रॅटोकास्टरकडे (स्ट्रॅट) वळले आणि स्वर पातळ, लख्ख झाला. पुढे फेंडरने त्यांच्या नावाने काढलेल्या स्ट्रॅटमध्ये मधले स्वर २५ डेसिबलपर्यंत उचलणारे सर्किट आहे. सोडून आलेला भरीवपणा असा परत मिळवता येतो. दोन्ही काळांतली तार ओढण्याची ढब मात्र ऐकताक्षणी ओळखू येते.

फरकाचे एक कारण पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेत बदलणारा भाग. स्ट्रॅटवर तो एका गुंडाळीचा (सिंगल-कॉइल) असतो, लेस पॉल आणि एसजीवर हंबकर. हंबकर पिकअपमध्ये दोन गुंडाळ्या असतात. त्या विजेची घरघर एकमेकींत जिरवतात, आवाज मोठा देतात, पण वरची धार कमी करतात. स्ट्रॅटच्या तारेची कंपनलांबी ६४८ मिमी, लेस पॉलची सुमारे ६२८. त्याच तारा त्याच स्वराला लावल्या तर लेस पॉलवर ताण सुमारे ६ टक्के कमी पडतो. स्ट्रॅटची सवय असलेल्या हाताची ओढ मग स्वराच्या वर जाते. सर्वांत पातळ तार ०.०१० इंचाऐवजी ०.०११ इंच असलेला संच लावला की ताण परत येतो, उलट थोडा जास्तच होतो. पण नंतर मान (पडदे असलेला दांडा) वाकली का ते तपासावेच लागते.

सोलापुरात ऑर्केस्ट्राच्या गिटारवादकाला हिंदी चित्रपटगीत, भावगीत आणि भीमगीत एकाच रात्री वाजवावे लागते. मध्येच हंबकर गिटार उचलली तर मिक्सरवरचा गेन (आत येणारा आवाज वाढवणारा नॉब) आधी कमी करून घ्यावा, नाहीतर पहिलाच स्वर फाटतो. उघड्या मंडपात जनरेटर, डिमरचे दिवे आणि कच्चे अर्थिंग असले की सिंगल-कॉइल गिटार घरघरते. वादकाने थोडे वळून उभे राहिल्यास ती कमी होते. अर्थिंगही नीट करून घ्यावे.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, फिंगरबोर्डचे लाकूड आकसते आणि पडद्यांची टोके बोटाला टोचू लागतात. गिटार उन्हातल्या गाडीत ठेवू नये. मंचावर नेल्यावर पंधरा-वीस मिनिटे उघडी ठेवून मगच सुरात लावावी. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर जुळवून पाहावा. दाबलेला चढा लागला तर घोडीवरचा सॅडल (तार टेकते तो तुकडा) मानेपासून मागे घ्यावा. मानेचा बाक सांभाळणारा आतला ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. जोर केल्यास तो तुटतो, आणि ती दुरुस्ती अवघड असते.