डबी कुठं लपवायची?

सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडची यंत्रमाग कामगाराची एखादी खोली डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बारा, माणसं सहा. दाराशी सूप मांडीवर घेऊन आई विड्या वळतेय. कपाट एकच, किल्ली तिच्या कनवटीला. थोरल्याला पुरुष आवडतात, हे घरात कुणाला ठाऊक नाही. एचआयव्ही होऊ नये म्हणून त्यानं रोज एक गोळी घ्यायचीय. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी असते ती, हलली की खुळखुळते.

या गोळीला ‘प्रेप’ म्हणतात. विषाणू पेशीत शिरला की आपल्या आरएनएवरून डीएनएचा धागा विणायला घेतो. प्रेपमधली टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही औषधं त्या धाग्यात असं टोक बनून बसतात, की पुढं काही जोडताच येत नाही. माग जागच्या जागी बंद.

आणि जोखीम कुणी ‘कोण’ आहे यावर ठरत नाही, संबंध कसा येतो यावर ठरते. गुदाशयाचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं, नाजूक. म्हणून जोडीदाराला लागण असून उपचार चालू नसतील, निरोधही नसेल, तर स्वीकारणाऱ्याला गुदसंभोगात दर १०,००० वेळांमागे सुमारे १३८ वेळा लागण होऊ शकते. योनीसंभोगात हा आकडा ८ च्या आसपास आहे.

२०१० साली प्रेपच्या ‘आयप्रेक्स’ चाचणीचे निकाल आले. सहा देशांतले २,४९९ जण, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्रिया. नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात ६४ जणांना लागण झाली, औषधाच्या गटात ३६ जणांना. म्हणजे ४४ टक्के घट. बरी, पण डोळे दिपावेत अशी नाही. मग रक्त तपासलं. औषधाच्या गटात लागण झालेल्यांपैकी जेमतेम ९ टक्क्यांच्या रक्तात औषध सापडलं. लागण न झालेल्यांत ५१ टक्क्यांच्या. डब्या घरी गेल्या होत्या, गोळ्या पोटात गेल्या नव्हत्या!

त्यातल्या ३३९ ट्रान्सजेंडर स्त्रियांचा हिशेब तर आणखी बोचतो. औषधाच्या गटात ११ जणींना लागण, दिखाऊ गोळीच्या गटात १० जणींना. औषध कुचकामी? नाही. लागण कळली तेव्हा त्या ११ पैकी एकीच्याही रक्तात औषध नव्हतं. गोळीनं बाईपणासाठी घेतलेल्या हार्मोनचा असर जाईल, ही धास्ती अशा वेळी मोठी असते. साडीत, चालीत, आवाजात जे कमावलंय ते गमवायचं कोण?

गोळी सुरू करण्याआधी एचआयव्हीची आणि मूत्रपिंडाची तपासणी मात्र हवीच. लागण आधीच असेल तर ही दोन औषधं अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना पचवायला शिकतो. एचआयव्हीची तपासणी सिव्हिलमध्ये फुकट होते, आणि २०१७ च्या कायद्यानं निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

२०२४ मध्ये ‘पर्पज टू’ चाचणीत लेनाकापाविर हे औषध सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचलं. २,१७९ जणांपैकी लागण झाली दोघांना. वर्षाला दोन इंजेक्शनं म्हणजे सोलापुरी हिशेबानं एक गड्ड्याच्या जत्रेला, दुसरं आषाढीच्या सुमारास. घरात डबी नाही, खुळखुळ नाही. टोचलेल्या जागी कातडीखाली एखादी बारीक गाठ काही महिने हाताला लागू शकते, तेवढीच.