मॅट स्क्रीन उजेड गिळत नाही

बारावीचे निकाल लागले की रत्नागिरी-चिपळूणच्या बाजारात लॅपटॉपची चौकशी सुरू होते आणि एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘मॅट (म्हणजे चकाकी नसलेली) स्क्रीन घ्या, त्यावरून उजेड परत येत नाही, डोळ्यांना थंड.’ थंडपणाचं नंतर बघू. पण उजेड परत येत नाही, हे साफ चूक आहे.

हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा काही भाग माघारी फिरतोच. किती, ते काचेच्या अपवर्तनांकावर, म्हणजे तिच्यात प्रकाश किती पटींनी मंदावतो त्या आकड्यावर ठरतं. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५. त्यातून हवेचा १ वजा करायचा, उरलेल्या ०.५ ला दोघांच्या बेरजेने, म्हणजे २.५ ने भागायचं आणि उत्तराचा वर्ग करायचा. येतात ०.०४, म्हणजे ४ टक्के. स्क्रीन ग्लॉसी, म्हणजे चकचकीत, असो की मॅट, समोरून आलेल्या उजेडातले सुमारे ४ टक्के परत येणारच. ग्लॉसी काच ते आरशासारखे एकाच दिशेने पाठवते. मॅटचा पृष्ठभाग मुद्दाम बारीक खडबडीत केलेला असतो, म्हणून तेच ४ टक्के चहूकडे विखुरतात. ट्यूबलाइटची रेघ मोडते खरी, पण तिचा उजेड काळ्या भागावर पांढुरका होऊन पसरतो.

जांभ्याचा चिरा आठवा. मे महिन्यात फिकट, मातकट दिसणारा गडगा पहिल्या पावसात गर्द तांबडा होतो. कोरड्या, खरबरीत दगडावरून विखुरलेला पांढरा उजेड त्याच्या रंगात मिसळत असतो. पाण्याच्या पातळ थराने वरचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला की ती मिसळ कमी होते. (भिजलेला दगड गडद दिसण्यामागे आणखीही कारणं आहेत, पण ती वाट लांबची.) मॅट म्हणजे कोरडा चिरा, ग्लॉसी म्हणजे भिजलेला.

म्हणून पडवीत बसून काम करणाऱ्याने आधी उजेड कुठून येतो ते बघावं. तो बाजूने येत असेल, तर ग्लॉसी काच त्याला दुसऱ्या बाजूला घालवून देते. मॅट त्यातला काही तुमच्या डोळ्यांकडे वळवते. तुमच्या पाठीमागे खिडकी किंवा दिवा असेल, तर मात्र मॅट बरी. एवढ्यावर निवड होऊ शकते.

खरी गंमत पुढे आहे. ते ४ टक्केच कमी करता येतील का? येतात, आणि तेही प्रकाशाला प्रकाशाशी भिडवून.

काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर द्यायचा. त्याचा अपवर्तनांक १.३८, हवा आणि काच यांच्या मधला. आता परावर्तन दोनदा होतं: प्रकाशाची एक लाट थराच्या वरूनच परतते, दुसरी थर ओलांडून काचेपर्यंत जाऊन परतते. दुसरीला थराच्या जाडीच्या दुप्पट जास्त चालावं लागतं. थराची जाडी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवली, की हे जादा अंतर अर्ध्या तरंगलांबीचं होतं. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींना पुसतात. विरळ माध्यमातून घन माध्यमावर आदळून परतताना लाट उलटी होते, ते इथे दोन्ही ठिकाणी घडतं, म्हणून हिशोब बिघडत नाही. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी हवेत ५५० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), थराच्या आत सुमारे ४००. म्हणून जाडी हवी १०० नॅनोमीटर. केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी कमी!

मग पुसला गेलेला प्रकाश जातो कुठे? नाहीसा होत नाही. परत यायचा तो काचेतून पलीकडे जातो. ऊर्जेचा जमाखर्च पक्का असतो.

दोन्ही लाटा पूर्ण पुसल्या जाण्यासाठी त्या सारख्याच उंचीच्या हव्यात. त्यासाठी थराचा अपवर्तनांक १.५ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.२२ हवा, आणि इतका कमी अपवर्तनांक असलेला टिकाऊ घन पदार्थ सहज मिळत नाही. त्यामुळे एका थराने परावर्तन सुमारे १.४ टक्क्यांवर येऊन थांबतं. त्याहून खाली जायचं तर थरावर थर द्यावे लागतात. शिवाय नेम हिरव्यावर धरलेला, म्हणून तांबड्या-निळ्याचा थोडा भाग सुटतो. चष्म्याच्या काचेवर जांभळट झाक दिसते ती हीच. बंद स्क्रीनमध्ये ट्यूबलाइट बघा: रेघ स्पष्ट आणि पांढरीफेक असेल तर साधी ग्लॉसी, स्पष्ट पण मंद-रंगीत असेल तर कोटिंगवाली, म्हणजे असा थर दिलेली, फिसकटलेली असेल तर मॅट.

भिंगं बनवणाऱ्या जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली निर्वात पात्रात असे थर चढवण्याची रीत काढली. १९३८ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत कॅथरिन ब्लॉजेट यांनी वेगळीच वाट धरली. पाण्यावर तरंगणाऱ्या, एका रेणूइतक्या जाड साबणी पदार्थाच्या सायीतून काच पुन्हा पुन्हा बुडवून काढत त्यांनी ४४ थर चढवले. काच जवळजवळ दिसेनाशी झाली. पण बोट फिरवलं की थर निघून यायचा.

डोळ्यांच्या थंडपणाचं एवढंच, की मॅट असो वा स्क्रीनवर चिकटवायचा, निळा प्रकाश अडवणारा ‘ब्लू कट’ कागद, त्याने डोळे वाचतात असं मानायला आधार तुटपुंजा आहे. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांच्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०२३ साली आढावा घेतला. संगणकापुढच्या थकव्यात अल्पकाळात तरी त्यांचा फारसा फायदा दिसला नाही. अर्थात २०२० साली शेणाची चिप मोबाइलचा किरणोत्सर्ग कमी करते असा दावा जाहीरपणे झाला होता, त्यापुढे ब्लू कट अगदीच सोज्वळ म्हणायचा.

कोटिंगवाल्या स्क्रीनवर बोटाचे ठसे जास्त डोळ्यांत भरतात, यामागेही तोच १०० नॅनोमीटरचा हिशोब आहे. तेलाचा थर वर बसला की लाटांचा मेळ बिघडतो आणि तेवढ्या भागाचं परावर्तन परत वाढतं. किनाऱ्यावरच्या घरांत खाऱ्या हवेतलं मीठही काचेवर बसतं. कोरड्या पंच्याने ते खसाखसा पुसलं तर कणांनी कोटिंगवर ओरखडे उठतात. आधी मऊ कापड किंचित ओलं करून मीठ विरघळू द्यावं, मग हलक्या हाताने पुसावं.