हिऱ्याची पूडही जिथे कमी पडते

विजेवर चालणाऱ्या गाडीत बॅटरी आणि तिला थंड ठेवणारी धातूची पट्टी यांच्यामध्ये अनेकदा एक घट्टसर लेप भरलेला असतो. उष्णता पलीकडे न्यायची, पण वीज मात्र अडवायची, अशी दुहेरी कामगिरी त्याच्यावर असते. लेपाचा आधार म्हणजे सिलिकॉन हा रबरासारखा पदार्थ किंवा इपॉक्सी ही राळ. या पदार्थांची उष्णतावाहकता जेमतेम ०.२ वॉट प्रति मीटर-केल्व्हिन. तांब्याची सुमारे ४००. मग तांब्याचीच पूड का मिसळू नये? कारण धातूत उष्णता वाहून नेणारे मोकळे इलेक्ट्रॉन वीजही वाहून नेतात. सिरॅमिकमध्ये इलेक्ट्रॉन जखडलेले असतात आणि उष्णता अणूंच्या कंपनांतून पुढे सरकते. म्हणून अ‍ॅल्युमिना, बोरॉन नायट्राइड, अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड यांचे कण वापरतात.

इथे सहज वाटतं, की कण जितका वाहक तितका लेप चांगला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८७३ साली विजेसाठी मांडलेलं सूत्र उष्णतेलाही लावता येतं आणि ते या समजाला धक्का देतं. गोल कण एकमेकांना न टेकता लेपाची निम्मी जागा व्यापत असतील, तर अ‍ॅल्युमिनाने (वाहकता सुमारे ३०) लेपाची वाहकता ३.९ पट होते. त्याऐवजी कितीतरी जास्त वाहक अशी हिऱ्याची पूड घातली तरी ४ पटींपलीकडे जाता येत नाही! अडथळा कणात नाहीच, तो दोन कणांमधल्या सिलिकॉनच्या फटीत आहे.

त्यामुळे या क्षेत्रातलं खरं कौशल्य मला कणांच्या रचनेत दिसतं. एकाच आकाराचे गोळे कसेही ओतले तर सुमारे ६४ टक्केच जागा भरते. काँक्रीटमध्ये खडीच्या फटींत वाळू बसते, तसे मोठ्या कणांमध्ये बारीक कण बसवले की भरणा वाढतो आणि कण एकमेकांना टेकून उष्णतेला सलग वाट मिळते. पण बारीक कण म्हणजे जास्त पृष्ठभाग, आणि दोन पदार्थांच्या प्रत्येक सीमेवर उष्णता थोडी अडतेच. रशियन भौतिकशास्त्रज्ञ कापित्झा यांनी १९४१ मध्ये द्रवरूप हेलियममध्ये हा सीमेवरचा अडथळा मोजला होता. शिवाय भरणा वाढला की लेप इतका घट्ट होतो, की यंत्रातून बाहेरच पडत नाही. कणांवर सिलेन नावाच्या रसायनाचा पातळ थर चढवला तर ते सिलिकॉनशी नीट मिसळतात आणि लेप वाहता राहतो.

प्रत्येक पदार्थाचा स्वभावही सांभाळावा लागतो. अ‍ॅल्युमिना स्वस्त, पण इतका कठीण की लेप ओतणाऱ्या नळ्या झिजवतो. अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड ओलाव्याशी संयोग पावून अमोनिया सोडतं. बोरॉन नायट्राइड मऊ आणि हलकं. त्याचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्या पातळीत उष्णता झपाट्याने धावते, पापुद्र्याच्या जाडीतून मात्र फारच कमी. लेप दाबला की पापुद्रे आडवे पडतात आणि उष्णता नको त्या दिशेला पसरते. म्हणून आता पापुद्र्यांचे गोल पुंजके बांधून तेच कण म्हणून वापरले जातात. त्यांतले काही पापुद्रे नेहमी उभे राहतात आणि उष्णता थेट पट्टीकडे नेतात.