पाय कापू नका: लेग व्हाइस आणि बेंच व्हाइस

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलं की भंगाराच्या ढिगात दोन जातींचे व्हाइस, म्हणजे काम घट्ट पकडून ठेवणारे शिकंजे, पडलेले दिसतात. विकणारा दोन्हींना नुसतं ‘जुना व्हाइस’ म्हणतो आणि अंदाजाने किलोवर भाव सांगतो. त्याचं काही चुकत नाही, त्याला लोखंड विकायचं असतं. चूक घेणाऱ्याची होते. तो लेग व्हाइस घरी नेतो, ‘हा खालचा दांडा मध्ये येतोय’ म्हणून ग्राइंडरने कापतो आणि उरलेलं धूड टेबलाला बोल्ट करतो. नाहीतर बेंच व्हाइस घेतो आणि त्यात १२ एमएमचा बार धरून घणाने वाकवतो. दोन्हीकडे चांगला माल वाया जातो, आणि त्याचं कारण एकच असतं.

बेंच व्हाइसवर फार शाई खर्च करत नाही. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस हातात देऊन ज्याच्यासमोर उभं करतात तो हा. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं अंग, सरळ रेषेत पुढेमागे सरकणारा पुढचा जबडा, दोन्ही जबड्यांवर स्क्रूंनी बसवलेल्या कडक पोलादी प्लेटा, पोटात चौकोनी आट्यांचा स्क्रू आणि त्याचा नट, खाली बोल्टची भोकं. शेफिल्डचा रेकॉर्ड असो, शिपलीचा पार्किन्सन असो की जालंधरचा देशी नग, मांडणी हीच. बेस फिरणारा आहे का, क्विक रिलीज आहे का, रंग मूळचा आहे का, हे प्रश्न गौण आहेत. खरेदीच्या वेळी लोक नेमके यांच्यावरच तास घालवतात.

लेग व्हाइस लोहाराचा. त्याचा मागचा जबडा आणि जमिनीपर्यंत गेलेला पाय हा एकच अखंड घडीव दांडा असतो. पाय खाली निमुळता होत जातो आणि टोकाला अंगठ्याएवढी खुंटी असते. पुढचा जबडा सरकत नाही. तो साधारण गुडघ्याच्या उंचीवर एका पिनेवर झुलतो. दोन्ही दांड्यांमध्ये पट्टीची एक स्प्रिंग असते, ती स्क्रू सैल केला की पुढचा जबडा बाहेर ढकलते. स्क्रू ज्यात फिरतो ती पेटी म्हणजे मागे बाहेर आलेली लांब नळी. बाकाला धरायला एक कंस, यू आकाराचा पट्टा आणि पाचर.

आता मुद्द्याचं. हातोड्याचा घाव कुठून कुठे जातो, हे दोन्हींत बघा.

लेग व्हाइसच्या जबड्यावर वरून घाव पडला की तो दांड्यातून सरळ खाली पायात आणि पायातून जमिनीत जातो. पुढच्या जबड्यावर पडलेला घाव पिनेतून पायात उतरतो आणि तसाच खाली जातो. वाटेत कुठेही आडवा लोंबता भाग नाही. बाकावरचा कंस फक्त व्हाइस उभा धरतो आणि आडवी ओढ सोसतो. उभा घाव पेलणं हे त्याचं कामच नाही. म्हणून पाय कापलेला लेग व्हाइस म्हणजे नुसता गैरसोयीचा व्हाइस उरतो. सगळे घाव त्या कंसावर आणि त्याच्या दोन-तीन बोल्टवर येतात. कंस ढिला होतो, पाचर उडते, आणि मग ‘जुन्या मालात दम नाही’ असं ऐकू येतं.

बेंच व्हाइसमध्ये वाट वेगळी. पुढचा जबडा एका सरकत्या तुळईच्या टोकावर हवेत लोंबत असतो. त्यावर वरून घाव घातला की तुळई वाकू बघते आणि जबडा जिथे तुळईला मिळतो त्या कोपऱ्यात ताण येतो. बीड दाब भरपूर सोसतं, ताण त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढाच सोसतं. कारण साध्या बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच पडलेली बारीक चीर. बीड वाकून सूचना देत नाही. शंभर घाव सोसल्यासारखं दाखवतं आणि एखाद्या गार सकाळी तुकडा हातात येतो. तुटलेल्या जागी राखाडी, दाणेदार पोत दिसतो, आणि त्यात जुना काळपट पट्टा दिसला तर चीर बऱ्याच आधी पडली होती हे नक्की. लेग व्हाइसचं घडीव लोखंड किंवा माइल्ड स्टील अशा वेळी वाकतं, आणि वाकलेलं पुन्हा तापवून सरळ करता येतं.

फरक उंचीचा नाही, पायाचाही नाही. घावाची वाट आणि त्या वाटेवरचा धातू, यात तो आहे. एवढं डोक्यात बसलं की बाकीचे नियम आपोआप सुचतात.

धातूची खात्री करायची तर नजरेवर जाऊ नका, कारण रंगाखाली दोन्ही सारखेच दिसतात. न दिसणाऱ्या खालच्या बाजूला छोटं भोक पाडायला घ्या. बिडाची भुकटी पडते, पोलादाची वळलेली साल निघते. ग्राइंडरवर बिडाच्या ठिणग्या लालसर, आखूड आणि लगेच विझणाऱ्या असतात, पोलादाच्या पिवळसर आणि लांब. ही तपासणी दोन्ही जातींना लावा. जर्मन हॉयरसारखे काही बेंच व्हाइस खरोखर घडीव पोलादाचे असतात आणि घाव बऱ्यापैकी सोसतात. उलट लेग व्हाइसच्या आकारात ओतलेले नगही सापडतात, त्यांच्यावर घण चालवू नये. ‘कास्ट स्टील आहे साहेब’ या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही. ड्रिल लावून द्यायला विकणारा नाही म्हणाला तर बिडाचा भाव द्या.

दुसरा फरक झुलण्याचा, आणि तोही याच रचनेतून येतो. बेंच व्हाइसचे जबडे कुठल्याही अंतरावर समांतर राहतात. लेग व्हाइसचा पुढचा जबडा खालच्या पिनेभोवती फिरतो, त्यामुळे बंद असताना तो वरच्या कडेला टेकतो आणि जास्त उघडला की दोन्ही तोंडांमध्ये वर रुंद, खाली अरुंद अशी फट राहते. पातळ पट्टी उत्तम धरली जाते, जाड चौकोनी तुकडा मात्र फक्त खालच्या कडेवर अडकतो आणि वर डुलतो. हा दोष नव्हे. कानशीने सपाट, काटकोनात काम करायचं असेल तर बेंच व्हाइस घ्या. तापवून पीळ देणं, वाकवणं, छिन्नीने तोडणं यासाठी लेग व्हाइस. जबडे समांतर करायचे म्हणून लेग व्हाइसची तोंडं घासणारे लोक आहेत. त्या तोंडांवर कडक पोलादाचा थर भट्टीत जोडलेला असतो, घासून तो पातळ होतो आणि एकदा संपला की खाली मऊ लोखंड उरतं.

लेग व्हाइस विकत घेताना आधी पायाचं टोक बघा. निमुळती खुंटी असेल तर पाय पूर्ण आहे. सपाट कापलेलं आणि चकतीच्या रेघा असलेलं टोक दिसलं तर पाय गेलेला आहे, भाव पाडा. सोडून द्यायलाच हवा असं मात्र नाही. २५ ते ३० एमएमचा भरीव बार घेऊन दोन्ही टोकं शिसपेन्सिलीसारखी तासायची, पूर्ण खोलीपर्यंत वेल्डिंग भरायचं, आणि पाय पुन्हा उभा. घडीव लोखंड आणि माइल्ड स्टील साध्या रॉडने नीट जोडलं जातं. बिडाच्या तुटलेल्या जबड्याला तोच साधा रॉड लावला तर सांध्याला लागूनच नवी चीर पडते. त्याला निकेलचा रॉड, आधी तापवणं, एका वेळी इंचभरच वेल्ड करणं आणि राखेत किंवा चुन्यात हळूहळू थंड करणं लागतं. एवढं करूनही जबड्याच्या मुळाशी तुटलेला बेंच व्हाइस घेऊ नये, तिथेच सगळा भार येतो.

मग आटे. स्क्रू पूर्ण बाहेर काढायला लावा. चौकोनी आट्यांचा माथा सपाट असायला हवा. सुरीसारखा धारदार झाला असेल तर आटे संपत आले. पेटीत टॉर्च मारून आतलेही बघा, कारण स्क्रू लेथवर नवा करून मिळतो, जुनी पेटी जपावी लागते. हँडल फिरवताना थोडा मोकळा फेरा जाणवला तर घाबरू नका, तेवढी ढील चालते. पीटर राइट या जुन्या इंग्लिश कंपनीच्या नगांवर ‘पेटंट सॉलिड बॉक्स’ असा शिक्का असतो, म्हणजे पेटी अखंड आहे. त्याहून जुन्या पद्धतीच्या पेट्यांमध्ये नळीच्या आत आट्यांची पट्टी गुंडाळून पितळेने झाळलेली असते. अडकलेला स्क्रू सोडवायला कोणी ही पेटी भट्टीत लाल करतं, पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, आणि आतले आटे स्क्रूबरोबर बाहेर येतात. म्हणून पेटीला लाल करायचंच नाही. डिझेलमध्ये दोन-चार दिवस भिजवा, गॅसच्या टॉर्चने हात लावता येणार नाही इतपतच गरम करा, हलके ठोके द्या, आणि स्क्रू आधी किंचित आवळून मग उलटा फिरवा.

आणखी दोन भाग नेहमी हरवलेले असतात. स्प्रिंगसाठी टेम्पोच्या कमानीचा पातळ पाटा, ५ ते ६ एमएम जाडीचा, चालतो. हँडलजवळची वायसर मात्र साधी चपटी घालू नका. जबडा झुलतो तसा स्क्रूचा कोन बदलतो, म्हणून तिथे एका बाजूने गोलसर वायसर असते. चपटी घातली की स्क्रूच्या मानेवर एकाच बाजूने भार येतो आणि मान वाकते. लेथवाल्याकडून गोलसर करून घ्या.

गंज काढायला दोन्हींना सोड्याची टाकी उत्तम. ५० लिटर पाण्याला साधारण अर्धा किलो धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, ऋण टोक व्हाइसला, धन टोक टाकाऊ साध्या लोखंडाला. धन टोकाला स्टेनलेस कधीही लावू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा, गॅलरी बंद करून नको. स्प्रिंग टाकीत घालू नका, ती ठिसूळ होते. तिला तारेचा ब्रश पुरे. बाहेर काढलं की पुसून, वाळवून लगेच तेल, नाहीतर पुण्याच्या पावसाळी हवेत संध्याकाळपर्यंत नारिंगी थर चढतो. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरची चकती, लावून चकाकी आणणं मला अजिबात पटत नाही. त्याने हातोड्याच्या खुणा, शिक्के आणि वजनाचे आकडे जातात, आणि जुन्या वस्तूत संग्रह करण्यासारखं तेवढंच असतं. लेग व्हाइसला रंग नको, कोमट करून अळशीच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका, ते आपोआप पेटतात, पसरून वाळवा. बेंच व्हाइसला इनॅमल रंग शोभतो, पण तुळई, आटे आणि प्लेटांच्या बैठका कोऱ्या ठेवा.

बसवण्याचं आता सरळ आहे. बेंच व्हाइस बाकाच्या पायाच्या डोक्यावर, आरपार बोल्टने, ४ इंची जबड्याच्या व्हाइसला १२ एमएमचे बोल्ट, खाली जाड पट्टी किंवा मोठी वायसर. लाकडी स्क्रू नकोत. मागच्या जबड्याचं तोंड बाकाच्या कडेच्या थोडं बाहेर हवं, म्हणजे लांब पट्टी उभी लोंबत धरता येते. बाक वाकडा असेल तर बोल्ट आवळण्याआधी पत्र्याच्या चकत्या घाला. तीनच टेकूंवर बसलेला व्हाइस चौथा बोल्ट आवळताना कानाशी, म्हणजे बोल्टच्या भोकाजवळ, तुटतो, आणि तेव्हा हातोडा जवळपाससुद्धा नसतो. हँडलला पाइप लावू नका. हँडलची लांबी बिडाच्या ताकदीनुसार ठरवलेली असते.

लेग व्हाइसला सगळं लक्ष पायाखाली. शहाबादी फरशीवर खुंटी टेकवली तर फरशी फुटते. जमिनीवर काम करत असाल तर काँक्रीटमध्ये खुंटीएवढा खळगा, नाहीतर ओंडका: बाभळीचा, फूटभर जाड, दोन फूट जमिनीत पुरलेला, कंस त्याला बोल्टने आणि खुंटी पायथ्याशी पोलादी पट्टीतल्या भोकात. भाड्याच्या शेडमध्ये खोदता येत नसेल तर ६०० बाय ६०० एमएमची १२ एमएम जाड प्लेट घ्या. ती एकटीच ३४ किलोच्या आसपास भरते. तिच्यावर ४ इंची पाइपाचा खांब उभा वेल्ड करा, खांबात कोरडी वाळू भरा, कंस खांबाला आणि खुंटी प्लेटवर वेल्ड केलेल्या कडीत. पीळ देताना तुम्ही प्लेटवरच उभे राहता, तुमचंच वजन तिला धरून ठेवतं. उंची जबड्याच्या माथ्याची बघायची, ती उभ्या माणसाच्या कोपराएवढी हवी. पाय आखूड पडत असेल तर खुंटीखाली पोलादी ठोकळा ठेवा, लाकूड घावाने दबतं. आणि कंसाची पाचर दर पावसाळ्यानंतर एकदा ठोकून बघा, ओंडका सुकला की ती सैल होते.