स्पॅनिशमधील अनिश्चित उपपदे आणि नामांचे लिंग

स्पॅनिश भाषेत कोणतीही एक, आधी उल्लेख न झालेली वस्तू किंवा व्यक्ती दाखवण्यासाठी नामापूर्वी येणारे रूप म्हणजे अनिश्चित उपपद. त्याची रूपे चार: पुल्लिंगी एकवचनात ‘ऊन’, स्त्रीलिंगी एकवचनात ‘ऊना’, अनेकवचनात अनुक्रमे ‘ऊनोस’ आणि ‘ऊनास’. ही रूपे लॅटिनमधील ‘एक’ या संख्यावाचकापासून आली. मराठीत ‘एक मुलगा’ काय, ‘एक मुलगी’ काय, ‘एक’ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ‘ऊन लिब्रो’ (एक पुस्तक) आणि ‘ऊना मेसा’ (एक मेज) असा फरक करावाच लागतो.

निर्जीव वस्तूंनाही लिंग असते ही गोष्ट मराठी भाषकाला नवी नाही. नपुंसकलिंगी नामे मात्र स्पॅनिशमध्ये उरलेली नाहीत. लॅटिनमधली अशी बहुतेक नामे पुल्लिंगात मिसळून गेली. अडचण येते ती शेवटच्या स्वराची. स्पॅनिशमध्ये ओकारान्त नाम बहुधा पुल्लिंगी आणि आकारान्त बहुधा स्त्रीलिंगी, तर ‘घोडा’, ‘आंबा’ म्हणणाऱ्या मराठी कानाला आकारान्त म्हणजे पुल्लिंग वाटते. स्पॅनिशची भगिनीभाषा असलेल्या पोर्तुगीजमधला ‘बटाटा’ मराठीत आला, तेव्हा हेच घडले: मुळात स्त्रीलिंगी असलेला शब्द इथे ‘तो’ झाला.

पण अंत्य स्वरावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ‘मानो’ (हात) ओकारान्त असून स्त्रीलिंगी, कारण लॅटिनमध्येही तो शब्द स्त्रीलिंगीच होता. ‘फोतो’ आणि ‘मोतो’ ही ‘फोतोग्राफिआ’ व ‘मोतोसिक्लेता’ यांची लघुरूपे. रूप आखडले तरी लिंग टिकले. उलट ‘प्रोब्लेमा’, ‘इदिओमा’ (भाषा), ‘क्लिमा’ (हवामान) हे ग्रीकमधून आलेले शब्द पुल्लिंगी आहेत. मात्र शेवटी ‘मा’ दिसला की पुल्लिंग, असाही नियम नाही: ‘कामा’ (खाट) स्त्रीलिंगीच. म्हणून नाम एकटे पाठ न करता उपपदासह, ‘ऊना मानो’, ‘ऊन प्रोब्लेमा’ असे पाठ करणे हाच भरवशाचा मार्ग. काही जोड्यांत तर अर्थच उपपदावर ठरतो: ‘ऊन कोमेता’ म्हणजे धूमकेतू, ‘ऊना कोमेता’ म्हणजे पतंग.

इतक्या कामाचे हे उपपदही एका ठिकाणी चकवते. आघातयुक्त ‘आ’ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामाला लागून येताना ‘ऊना’चा अंत्य स्वर सहसा गळतो आणि ‘ऊन आगिला’ (एक गरुड) असे म्हणतात. शब्द पुल्लिंगी होत नाही. विशेषण स्त्रीलिंगीच राहते, ‘ऊन आगिला नेग्रा’ (एक काळा गरुड), आणि अनेकवचनात ‘ऊनास आगिलास’ असे मूळ लिंग पुन्हा उघड होते. ‘आमिगा’ (मैत्रीण) या शब्दात आघात दुसऱ्या अक्षरावर असल्याने तिथे ‘ऊना आमिगा’च. स्पॅनिश अकादमीचे व्याकरण ‘ऊना आगिला’ हे रूप चूक मानत नाही, तरी प्रचारात ‘ऊन’ जास्त आहे.

उपपद कुठे गाळायचे हेही शिकावे लागते. व्यवसाय सांगताना ते येत नाही: ‘एस मेदिको’ (तो डॉक्टर आहे). विशेषण जोडले की येते: ‘एस ऊन ब्वेन मेदिको’ (तो चांगला डॉक्टर आहे). ‘ओत्रो’ (दुसरा) या शब्दापूर्वी ते कधीच लावत नाहीत.

अनेकवचनी रूपांचा नेहमीचा अर्थ ‘काही’. संख्येपूर्वी ती अंदाज दाखवतात: ‘ऊनोस वेइन्ते लिब्रोस’ म्हणजे वीसेक पुस्तके. ‘ऊनास तिखेरास’ म्हणजे मात्र बहुधा एकच कात्री, कारण हे नाम सहसा अनेकवचनातच वापरतात.