मिथेन तोच, पण कुजून झालेला की तापून?

देवनारच्या कचऱ्यातून निघणारा वायू आणि मुंबई हायहून समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणला येणारा वायू, दोन्हींत मुख्य घटक मिथेनच. वासावरून ओळखावं म्हटलं तर तेही जमत नाही. मिथेनला वास नसतोच. घरच्या पाइप गॅसला येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला. त्यामुळे ‘जमिनीखाली कुजून गॅस होतो’ असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

१९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचा गॅस उष्णतेचा. खोल गाडले गेलेले जैव अवशेष तापले, त्यांचे मोठे रेणू तुटले आणि तेल व वायू तयार झाले. सोबत इथेन, प्रोपेन, ब्युटेनही आले. उरणला यातूनच एलपीजी वेगळा काढतात.

देवनारचा वायू सूक्ष्मजीवांचा. आणि असेच सूक्ष्मजीव दगडी कोळशात आणि शेल (चिखल दाबून झालेला पापुद्र्यांचा खडक) यातही मिथेन बनवतात, हे मला फार विलक्षण वाटतं. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. काही जीव कोळशातले किचकट रेणू फोडतात, काही ते आंबवून अॅसिटेट, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात आणि शेवटी आर्किया गटातले जीव त्यापासून मिथेन बनवतात. (त्यांना जिवाणू म्हणणं चूक, तो गट वेगळा.) त्यांना पाणी लागतं, ऑक्सिजन चालत नाही आणि साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर त्यांचा निभाव लागत नाही. पाण्यात सल्फेट भरपूर असलं, तर दुसरेच जीव हायड्रोजन आणि अॅसिटेट आधी पळवतात.

अमेरिकेतल्या मिशिगनचा अँट्रिम शेल पाहा. खडक ३५ कोटी वर्षांहून जुना, पण त्यातला बराचसा मिथेन त्या मानाने कालपरवाचा. हिमयुगातल्या बर्फाचं गोडं पाणी भेगांतून आत शिरलं, खारं पाणी पातळ झालं आणि सूक्ष्मजीवांना राहण्याजोगी जागा मिळाली. म्हणजे खडकाचं वय हे गॅसचं वय नव्हे.

मग ओळखायचं कसं? कार्बनचे अणू दोन वजनांचे असतात, हलका कार्बन-१२ आणि थोडा जड कार्बन-१३. सूक्ष्मजीव हलका आधी वापरतात, म्हणून त्यांच्या मिथेनमध्ये कार्बन-१३ कमी असतो. इथेन-प्रोपेनही जवळजवळ नसतात. पण एवढ्यावर निकाल देऊ नये. खडक फारच तापला तर इथेनही तुटतो आणि उष्णतेचा गॅससुद्धा निव्वळ मिथेन दिसू लागतो. शिवाय न्यू मेक्सिको-कोलोरॅडोच्या सॅन वान खोऱ्यातल्या कोळशासारख्या ठिकाणी दोन्ही गॅस मिसळलेले आढळतात. म्हणून सोबतच्या पाण्याचीही तपासणी करावी लागते.

हा फरक विहीर खणणाऱ्याला थेट भिडतो. उष्णतेचा गॅस हवा तर खडक कधीतरी खोलवर पुरेसा तापलेला असावा लागतो. सूक्ष्मजीवांचा हवा तर गोडं पाणी शिरलेल्या, खडकाच्या थरांच्या उथळ कडा धुंडाळाव्या लागतात. वायोमिंग-मोंटानाच्या पावडर रिव्हर खोऱ्यात कोळशातला गॅस काढणाऱ्या जुन्या विहिरींतल्या सूक्ष्मजीवांना पोषक द्रव्यं देऊन नवा मिथेन मिळवण्याचे प्रयोगही झाले आहेत.